बार्शी ग्रामीण कर्करोग संशोधन

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथील नर्गिस दत्त मेमोरियल कर्करोग रुग्णालयात, मुंबईचे टाटा मेमोरियल केंद्र आणि फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्या सहकार्याने झालेले संशोधन. डॉ. भ. म. नेने हे त्याचे स्थानिक सूत्रधार.

या कामाचा पाया नोंदवहीत आहे. १९८७ मध्ये बार्शी, भूम व परंडा तालुक्यांसाठी लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. ग्रामीण भागासाठीची ही देशातील पहिलीच. शहरात रुग्णालयांची कागदपत्रे चाळली की रुग्ण सापडतात. पण दुखणे अंगावर काढून दवाखान्याची पायरीही न चढलेली बाई कागदावर कुठून येणार? म्हणून नोंदणीचे कर्मचारी गावोगाव फिरले. लोकांना जमवून लक्षणे सांगायची, संशयित रुग्णाला बार्शीला तपासणीसाठी आणायचे, कोण कशाने गेले याची गावात चौकशी करायची, असा हा खटाटोप होता. बायकांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वाधिक असल्याचे त्यातून दिसले.

१९९९ मध्ये उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात या कर्करोगाच्या तपासणीच्या पद्धतींची मोठी चाचणी सुरू झाली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांच्या गावांचे चार गट पाडले. एका गटात एचपीव्ही या रोगकारक विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशीतपासणी (पॅप), तिसऱ्यात सौम्य ॲसिटिक आम्ल लावून पांढरा चट्टा उमटतो का हे पाहणे. चौथ्या गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा. निष्कर्ष २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. एचपीव्ही गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले, चौथ्या गटात ६४. तेही आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने. उरलेल्या दोन पद्धतींनी मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. मुंबईच्या वस्त्यांत मात्र ॲसिटिक आम्लाच्या चाचणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले. तिथे ती दर दोन वर्षांनी होत होती. अशा चाचण्यांत एका गटाला तपासणीविना ठेवण्यावर टीका झाली, आणि ती अनाठायी म्हणता येत नाही.

पुढचा शोध अपघाताने लागला. २००९ मध्ये एचपीव्ही लसीच्या दोन आणि तीन मात्रांची तुलना करणारी चाचणी देशात नऊ ठिकाणी सुरू झाली. त्यांत बार्शी होती. वेगळ्याच एका लसप्रकल्पातील मृत्यूंवरून वाद पेटला आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने सर्वच चाचण्यांतील लसीकरण थांबवले. तोवर १७,७२९ मुलींना लस दिली गेली होती. त्यांपैकी हजारोंना एकच मात्रा मिळाली होती. संशोधकांनी पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांनीही एका मात्रेचे संरक्षण दोन-तीन मात्रांच्या तोडीचे निघाले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एकमात्रा लसीकरणाला मान्यता दिली, तेव्हा आधारासाठी घेतलेल्या पुराव्यांत ही भारतीय चाचणी होती.