रूपाची जन्मतारीख

लग्नसराई जवळ आली की आपल्या धर्मग्रामांतील घराघरांतून एक वाक्य हमखास कानी पडते : "मुलगी गुणी आहे, शिकलेली आहे, फक्त रंगाने जरा सावळी आहे." या वाक्यातील 'फक्त' हा शब्द आम्हांस नेहमीच बोचत आला आहे. रविवारी एकाच वेदीपाशी ख्रिस्तशरीराचा स्वीकार करणारी माणसे सोमवारी स्थळे पाहू लागली की कातडीच्या छटा मोजू लागतात. सुंदर कोणाला म्हणावे, हे ठरविले तरी कोणी? हा प्रश्न नीतीचा आहे तसाच तो इतिहासाचाही आहे. प्रस्तुत लेखात आम्ही इतिहासाच्या बाजूने त्याचा मागोवा घेणार आहोत. आरंभ यवतमाळपासून करू, कारण ज्या धाग्याचे वस्त्र होते तो पिकविणारा हा जिल्हा आहे.

वऱ्हाड प्रांत १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस येईनासा झाला आणि विलायतेच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. मूर्तिजापूर ते यवतमाळ हा नॅरोगेज लोहमार्ग घातला गेला तो प्रामुख्याने कापसासाठी. त्या मार्गावरील गाडीला लोकांनी 'शकुंतला' असे लाडके नाव दिले. १९२१ साली मँचेस्टर येथे तयार झालेले तिचे वाफेचे इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत तिला ओढीत होते. आज त्या रुळांवर गाडी धावत नाही. परंतु एका काळी येथला कापूस बाहेर जाई, त्याचे कापड होऊन परत येई आणि कापडामागोमाग ते कसे नेसावे, कोणाला शोभते, याच्या कल्पनाही येत.

त्या कल्पना येण्यापूर्वी येथील स्त्रियांना रूपाचे भान नव्हते असे कोणी समजू नये. पुसद-दिग्रसकडील बंजारा तांड्यांवरची स्त्री फेटिया आणि कांचळी घाली व त्यांवर आरशांचे तुकडे जडवी. गोंड आणि कोलाम स्त्रिया अंगावर गोंदून घेत. सोने-चांदी येथेच राहते, गोंदण मात्र देहाबरोबर जाते, अशी श्रद्धा त्यामागे असे. कुणबी घरातील बाई नऊवारी लुगड्याचा काष्टा घट्ट मारून पऱ्हाटीत कापूस वेचायला उतरे. प्रत्येकीच्या सौंदर्याचे माप तिच्या गणगोतात आणि तिच्या कामात होते. ते माप दूरच्या कोणी ठरवून द्यावे, ही गोष्ट नवी होती, आणि तिचा आरंभ रंगभूमीने केला.

'शकुंतला' हेच नाव येथे पुन्हा पुढे येते. अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या 'संगीत शाकुंतल' या नाटकाचा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला. पंचवीस वर्षांनंतर, म्हणजे १९०५ साली, नारायण श्रीपाद राजहंस नावाचा सतरा वर्षांचा तरुण किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाला आणि मिरजेस शकुंतलेच्या वेषात उभा राहिला. त्याच वर्षी तेव्हाच्या 'वणी' जिल्ह्याचे नाव बदलून यवतमाळ करण्यात आले. हा तरुण म्हणजेच बालगंधर्व. १९११ मध्ये 'मानापमाना'तील भामिनी, १९१३ मध्ये स्वतःची गंधर्व नाटक मंडळी, १९१६ मध्ये 'स्वयंवरा'तील रुक्मिणी, अशा पायऱ्या ते चढत गेले. त्यांच्या गायनाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आमचा विषय त्यांची साडी हा आहे.

नाटक मंडळ्या पुण्या-मुंबईपुरत्या थांबत नसत. कापसाच्या पैशाने सुबत्ता आलेल्या वऱ्हाडातही त्यांचे मुक्काम पडत. बालगंधर्वांनी पदर कसा घेतला, केस कसे बांधले, वेणी कशी माळली, कोणते दागिने घातले, हे प्रेक्षागारातील सुखवस्तू स्त्रिया डोळ्यांत साठवून नेत आणि घरी तसेच करून पाहत. स्त्रीवेषातील त्यांची छायाचित्रे घरोघरी गेली, जाहिरातींतही वापरली गेली. घरंदाज मराठी स्त्रीने कसे दिसावे याचा वस्तुपाठ एका पुरुषाने घालून दिला, आणि तोही अशा काळात, की कुलीन स्त्रीने रंगभूमीवर पाऊल ठेवले तर तिच्या अब्रूस बट्टा लागला असे समाज मानी! स्त्रीच्या रूपाचा आदर्श ठरत होता, पण ठरविणाऱ्यांत स्त्री नव्हती.

बालगंधर्वांच्या कलेला उणेपणा आणण्याचा आमचा हेतू नाही. १९१९ साली आलेल्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त ते दारुड्याची पत्नी सिंधू होऊन फाटक्या लुगड्यात रंगभूमीवर आले आणि भरजरी शालूंना भुललेल्या प्रेक्षकांनी त्या दारिद्र्यापुढे डोळे टिपले. कला मनात आणील तर जीर्ण वस्त्रालाही प्रतिष्ठा देऊ शकते, हे त्यातून दिसले. परंतु अनुकरण झाले ते रुक्मिणीच्या शालूचे. सिंधूच्या लुगड्याचे अनुकरण कोणी करण्याची गरजच नव्हती. ते कापूस वेचणाऱ्या बाईच्या अंगावर आधीपासूनच होते.

रंगभूमीचा वारसा चित्रपटाकडे गेला. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्रा'त तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली होती. १९३२ साली प्रभात कंपनीच्या 'अयोध्येचा राजा'त तीच तारामती दुर्गा खोटे यांनी साकारली. प्रतिष्ठित घराण्यातील, आणि आपल्या जेजुइट धर्मगुरूंच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकलेली ही स्त्री पडद्यावर आली तेव्हा अनेक घरांची दारे किलकिली झाली. स्त्रीला स्वतःचा चेहरा घेऊन लोकांपुढे येता आले, हा लाभ मोठाच होता. मात्र चेहरा पडद्यावर येताच बाजारही त्याच्या मागे आला. मुंबईत तयार होणाऱ्या 'अफगाण स्नो'सारख्या प्रसाधनांमुळे 'स्नो-पावडर' हा शब्द मराठी घरांत रुळला होताच. १९४१ साली लीला चिटणीस यांची छबी 'लक्स' साबणाच्या जाहिरातीत झळकली. बालगंधर्वांची साडी पाहून शिकावी लागे. आता नटीचे रूप वडीच्या आकारात दुकानात मिळेल, असे सांगितले जाऊ लागले.

१९६० साली 'लव्ह इन शिमला' हा हिंदी चित्रपट आला. नायिका साधना यांचे कपाळ रुंद दिसते म्हणून दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी हॉलिवूडची नटी ऑड्री हेपबर्न हिच्यासारखे केस त्यांच्या कपाळावर आणविले. एका नटीच्या कपाळाची सोय देशभर 'साधना कट' झाली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील शाळकरी मुली आरशापुढे कात्री घेऊन उभ्या राहिल्या. यात मौज आहे आणि ती मौज कोणाच्या तरुणपणातून हिरावून घ्यावी असे आम्हांस वाटत नाही. केस पुन्हा वाढतात. कातडीची गोष्ट निराळी आहे.

गोरेपणाची ओढ सिनेमाने जन्मास घातली असे म्हणणे अन्यायाचे होईल. उन्हात राबणारा काळवंडतो आणि सावलीत बसणारा उजळ राहतो. जातीच्या उतरंडीने आणि पुढे गोऱ्या राज्यकर्त्यांच्या सत्तेने या भेदाला मोठेपणा दिला. करमणुकीने त्या जुन्या ओढीला चेहरा दिला आणि बाजाराने किंमत. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झाले, १९८२ पासून पडदा रंगीत झाला. त्या दरम्यान, १९७५ मध्ये, 'फेअर अँड लव्हली' ही गोरेपणाची मलई बाजारात आली होती. सावळ्या मुलीला नोकरी मिळत नाही, लग्न ठरत नाही आणि मलई लावताच दोन्ही मिळतात, अशा कथा तिच्या जाहिरातींतून घरोघर दिसू लागल्या. १९९४ साली सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांनी एकाच वर्षी विश्वसौंदर्याचे दोन मुकुट मिळविले आणि लहान गावांतही सौंदर्यस्पर्धा व ब्यूटी पार्लर यांची लाट आली. अखेर २०२० साली जगभर वर्णभेदाविरुद्ध आवाज उठला तेव्हा त्या मलईच्या नावातील 'फेअर' हा शब्द काढून 'ग्लो' घालण्यात आला. पंचेचाळीस वर्षे जो शब्द विकला गेला तो एका आठवड्यात पुसता आला, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

इतरत्रही असेच घडत आले आहे. मणिपुरात २००० साली एका सशस्त्र संघटनेने हिंदी चित्रपटांवर बंदी घातली. रिकाम्या झालेल्या जागेत कोरियन मालिका आल्या आणि तेथील तरुणांची केशरचना व पेहराव काही वर्षांतच कोरियन वळणाचे झाले. करमणूक बदलली तसे रूपही बदलले. आज कोरियाचे गायक आणि त्यांच्या नितळ त्वचेची प्रसाधने यवतमाळच्या मुलीच्या हातातील मोबाइलवरही आहेत.

आता थोडे आपल्या घरात डोकावू. वधूने पांढरा झगा घालावा असा ख्रिस्तसभेचा कोणताही नियम नाही. पांढरे वस्त्र पूर्वीही काही वधू नेसत. परंतु १८४० साली इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया पांढऱ्या सॅटिनमध्ये विवाहास उभी राहिली, तिची चित्रे सर्वत्र पसरली आणि तो पेहराव प्रतिष्ठेचा ठरला. पुढे चित्रपटांनी तो पक्का केला. वसईच्या कुपारी समाजातील आजीचे लाल लुगडे पेटीत गेले ते धर्माच्या आज्ञेने नव्हे.

या बाबतीत आपल्याच एका कलावंताचे स्मरण करणे अगत्याचे आहे. गोव्यात १९०२ साली जन्मलेले अँजेलो द फोन्सेका यांनी पवित्र मरियेला साडी नेसविली, तिला आपल्या मातीचा वर्ण दिला. गोव्यातील अनेक श्रद्धावंतांना तो अपमान वाटला. फोन्सेका पुण्यास आले, ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहिले आणि चित्रे काढीत राहिले. वस्तुतः मरियेचा सावळा चेहरा ख्रिस्तसभेला परका नाही. मेक्सिकोतील ग्वादालुपेची माता आणि पोलंडमधील चेस्तोहोवाची माता यांना लक्षावधी भाविक वंदन करतात. बालगंधर्व आणि फोन्सेका हे दोघेही १९६७ साली निवर्तले. दोघांनीही एका स्त्रीरूपाला साडी नेसविली. एकाचे रूप घरोघरी पोहोचले. दुसऱ्याचे आपल्या प्रार्थनाघरांत अजून क्वचितच दिसते.

जुन्या करारातील गीतरत्नात एक वधू आहे. ती आपला काळा वर्ण लपवीत नाही, त्यासह स्वतःला सुंदर म्हणविते. भावांनी द्राक्षमळे राखायला लावले म्हणून उन्हाने आपल्याला काळे केले, हेही ती सांगते. पऱ्हाटीच्या ओळींतून वाकून चालणाऱ्या आमच्या बायाबापड्यांना ही वधू परकी वाटणार नाही. पंढरीचा सावळा देव ज्या महाराष्ट्राला साजिरा वाटला, त्यालाही तिची ओळख पटावी.

या जिल्ह्यात रंगभूमीने अलीकडे एक निराळे वळण दाखविले आहे. शेतकरी आत्महत्यांच्या झळा सोसलेल्या घरांतील स्त्रिया 'तेरवं' या नाटकात स्वतःच उभ्या राहिल्या. त्यांतील वैशाली येडे यांच्या हस्ते जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथील ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन झाले. सिंधूचे दुःख १९१९ मध्ये एका थोर नटाने उसने घेतले होते. शंभर वर्षांनी ते दुःख ज्यांचे होते त्या स्वतःच्या चेहऱ्याने आणि स्वतःच्या साडीत बोलल्या.

आम्ही या इतिहासातून एवढेच घेतो. रुक्मिणीचा शालू, साधनाचे केस, राणीचा पांढरा झगा, गोरेपणाची मलई, या प्रत्येकाला वर्ष आहे, कर्ता आहे आणि बहुतेकांना किंमतही आहे. ज्याला जन्मतारीख आहे तो देवाचा नियम नव्हे. मुलींनी नटू नये असे आम्ही म्हणत नाही. नटण्यात आनंद आहे आणि तो निर्मळ आहे. परंतु आपल्या प्रतिरूपात देवाने जिला घडविले तिच्यापुढे 'फक्त' हा शब्द उच्चारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? येत्या लग्नसराईत एखाद्या बैठकीत तो शब्द कोणाच्या ओठी आलाच, तर घरातील वडीलधाऱ्यांनी तेथेच त्याला थांबवावे, एवढी आमची विनंती आहे.