हक्क वेगळा, भाव वेगळा
टाटांच्या पोलाद कंपनीने १९०७ साली तीन प्रकारचे शेअर काढले: ७५ रुपयांचे साधारण, १५० रुपयांचे प्रेफरन्स आणि ३० रुपयांचे डिफर्ड. पुढे खेळत्या भांडवलासाठी चार लाख पौंडांचे कर्जरोखे निघाले, ते ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी एकट्याने उचलले; मालकी नको, मुद्दल आणि व्याज पक्के हवे. हक्कानुसार किंमत, हा हिशेब इतका जुना आहे. टाटा मोटर्सने २०२४ मध्ये एक दशांश मताधिकाराचे ‘ए’ शेअर रद्द करून दहांमागे सात साधारण शेअर दिले. ‘ए’ शेअरवर लाभांश जास्त असताना सातच का, हा आक्षेप रास्त वाटतो. पण बाजारात ‘ए’ शेअर त्याहूनही स्वस्त होता. जादा लाभांशाने मताची उणीव भरून निघत नव्हती. मात्र निव्वळ बाजारभाव देणे अन्यायाचे ठरले असते, कारण तो शेअर कायमचा काढून घेतला जात होता.