रक्ताच्या पिशवीचा क्रमांक

1921 साली लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातून रेडक्रॉसच्या जवळच्या शाखेला दूरध्वनी आला. तातडीने रक्तदाता हवा होता. शाखेचे चिटणीस पर्सी ऑलिव्हर सहकाऱ्यांसह तिकडे गेले आणि त्यांतील एका परिचारिकेचे रक्त जुळले. पुढे ऑलिव्हर यांनी स्वेच्छेने रक्त देणाऱ्यांची कार्डे तयार केली. हाक आली की कार्ड काढायचे आणि माणूस पाठवायचा! कोणाचे रक्त कोणाला गेले, हे वेगळे शोधावे लागत नसे.

1937 मध्ये शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात रक्तपेढी निघाली. रक्त साठवता येऊ लागले, तशी दाता आणि रुग्ण यांची ताटातूट झाली. त्यांना जोडणारा धागा एकच उरला, तो म्हणजे पिशवीवरचा क्रमांक. दात्याची नोंद रक्तपेढीत, रुग्णाची रुग्णालयात.

आता एक प्रश्न पाहू. दात्याच्या शरीरात कर्करोग असेल, पण तो अजून कोणाला कळलेला नसेल, तर त्याचे रक्त घेणाऱ्याला तो रोग होईल का? एकट्या डॉक्टरला हे सांगता येणार नाही. त्यासाठी लाखो नोंदी वर्षानुवर्षे जोडून पाहाव्या लागतात.

स्वीडनमध्ये 1968 पासून आणि डेन्मार्कमध्ये 1982 पासूनच्या अशा नोंदी संगणकावर होत्या, पण त्या जागोजागी विखुरलेल्या. शाळेत हजेरीपट आणि निकालपत्रक जुळवताना आपली काय तारांबळ उडते ते आठवावे. एकाच नावाची दोन मुले असली की नाव कामाचे नाही, जनरल रजिस्टरचा क्रमांकच लागतो. या दोन देशांत प्रत्येक नागरिकाला असा क्रमांक आहे. स्वीडनमध्ये 1947 पासून, डेन्मार्कमध्ये 1968 पासून. त्यामुळे काम पुष्कळ सोपे झाले. कोणी दिले, कोणती पिशवी, कोणाला दिली, एवढ्या तीन गोष्टी पक्क्या असल्या की बाकीचे रकाने मागाहून जोडता येतात. अर्थात आधी नोंदी निवडाव्या लागतात. मृत्यूच्या तारखेनंतर रक्तदान केलेला माणूस कागदावर भेटला, तर कोठेतरी आकडा चुकला आहे हे उघड आहे.

‘स्कँडॅट’ नावाच्या या एकत्रित संग्रहात 2002 पर्यंतचे सुमारे 11 लाख दाते आणि 13 लाख रुग्ण आले. त्यातून 3,54,094 रुग्णांचा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी 12,012 जणांना मिळालेल्या रक्ताच्या दात्यांना पुढे लवकरच कर्करोग झाल्याचे आढळले होते. पण या रुग्णांत कर्करोगाचे प्रमाण इतरांहून जास्त नव्हते.

प्रत्येक उत्तर मात्र असे दिलासा देणारे नसते. पुढे ज्या दात्यांना मेंदूत वारंवार आपोआप रक्तस्राव झाला, त्यांचे रक्त घेतलेल्या रुग्णांत तोच विकार दुपटीहून अधिक आढळल्याचे 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. असे दाते फारच थोडे. विखुरलेल्या वह्यांतून ते कधीच सापडले नसते.