रानपिंगळा आणि एक खोटी चिठ्ठी : खानदेशातल्या निरीक्षणांचा इतिहास

आज आपण खानदेशातल्या एका पक्ष्याबद्दल बोलणार आहोत. पण पक्ष्याकडे जाण्याआधी जमिनीकडे पाहावं लागेल, कारण ही गोष्ट शेवटी जमिनीवरच येऊन ठरते.

शहाद्याहून उत्तरेला निघालं की आधी तापीखोऱ्याची काळी, कसदार जमीन लागते. नदीने आणलेला गाळ आहे हा, कापूस, केळी, ऊस पिकवणारा. मग हळूहळू मुरूम दिसू लागतो, बरड येतं आणि समोर सातपुड्याचे काळे कातळ उभे राहतात. हा खडक म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बसाल्ट. धुळे-नंदुरबारच्या माळांवर याच काळात भेगांमधून वर चढून थिजलेल्या लाव्हाच्या लांबच लांब भिंती आहेत. साधारण पूर्व-पश्चिम धावणाऱ्या अशा दोनशेहून अधिक भित्ती भूशास्त्रज्ञांनी मोजल्यात. काही तर कित्येक किलोमीटर जातात. नवख्या माणसाला वाटतं, कुणीतरी तटबंदीच बांधून ठेवलीय.

या दगडाळ उतारांवर साग, सालई, धावडा, टेंभुर्णी अशी पानझडी झाडं येतात. कोरड्या खडकाळ जागी अंजनही भेटतो, आपट्यासारखी जोडपानं असलेला. हे जंगल विरळ आहे. मध्ये गवत, मोकळ्या जागा. उन्हाळ्यात तर सगळं उघडंबोडकं. आपल्याकडे अशा रानाला सर्रास ‘पडीक’ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत येऊ.

आता पक्षी. साधा पिंगळा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. गावातल्या जुन्या वडाच्या ढोलीत राहतो, डोक्यावर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळा त्याच्यासारखाच दिसतो, पण डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं आणि अंगाने जरा दणकट. शिवाय हा दिवसाढवळ्या निष्पर्ण फांदीवर बसतो, शेपटी झटकतो, सरडे-उंदीर टिपतो. घुबडाच्या जातीतला असून उजेडात वावरणारा.

विज्ञानाला तो पहिल्यांदा मिळाला तो आजच्या छत्तीसगडच्या भागात. 1872 साली ब्लूएट नावाच्या अधिकाऱ्याने एक नमुना मिळवला आणि 1873 मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचं वर्णन करून ब्लूएटचंच नाव त्याला दिलं. हेच ह्यूम पुढे काँग्रेसच्या स्थापनेत होते. त्यानंतर बहुतेक नमुने आले ते आपल्या खानदेशातून. इथे जेम्स डेव्हिडसन नावाचे मुलकी सेवेतले अधिकारी होते. त्यांनी 1880च्या दशकाच्या सुरुवातीला शहादा-तळोद्याच्या भागातून हा पक्षी गोळा केला आणि 1882 मध्ये पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची यादी छापली. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे पक्षी मारून, पेंढा भरून, पायाला चिठ्ठी बांधली जाई. चिठ्ठीवर कुठे, कधी, कोणी एवढंच. बस, पण सगळं मोल त्या चिठ्ठीचंच असतं.

1884 नंतर मात्र खात्रीचा नमुना एकही नाही.

अपवाद फक्त एक होता. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातला नमुना सांगत होता : ऑक्टोबर 1914, तापीकाठचं मांडवी, म्हणजे आजचा गुजरात. साहजिकच नंतरच्या शोधकांनी ही नोंदही खरी धरली. सालिम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्या दिग्गजांनीही हा पक्षी शोधला, पण हाती काही लागलं नाही. हळूहळू ‘नामशेष झाला असावा’ हे मत पक्कं होत गेलं.

1990च्या दशकात पामेला रासमुसेन या अभ्यासिकेने माइनर्ट्‌झहागेनचे नमुने तपासायला घेतले. रानपिंगळ्याच्या त्या नमुन्याच्या क्ष-किरण चित्रांतून दिसलं की तो उसवून पुन्हा भरलेला आहे. पण मूळ भरणाऱ्याच्या हाताच्या खुणा पूर्ण पुसल्या गेल्या नव्हत्या, आणि तो हात होता डेव्हिडसनचा! संग्रहालयातला खानदेशी पक्षी चोरून त्याला नवी चिठ्ठी लावली होती. हे सगळं रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी 1999 मध्ये सविस्तर छापलं.

मांडवी बाद झाल्यावर उरल्या फक्त खऱ्या चिठ्ठ्या. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट आधी पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणी फिरले. तिथे निराशा झाली. मग ते शहाद्याला आले. डेव्हिडसनच्या काळातलं सपाटीवरचं जंगल केव्हाच शेतीखाली गेलं होतं, म्हणून ते पायथ्याच्या टेकड्यांत शिरले. 25 नोव्हेंबर 1997 च्या सकाळी एका उघड्या झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. तब्बल 113 वर्षांनी! तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला 1 जुलै 1998 ला.

आम्हाला या गोष्टीत दोन मुद्दे महत्त्वाचे वाटतात. पहिला असा, की पक्षी वाचला कुठे? जिथे नांगर थांबला तिथे. गाळाची जमीन संपून खडक सुरू होतो, त्या रेषेच्या वर. त्याचं घर कातळाने राखलं. पण कातळाची राखण कायमची नसते. सागाची तोड, वणवे, नवी अतिक्रमणं ही तिथेही पोचलीत. आणि ‘पडीक’ म्हणून आपण ज्या विरळ रानाकडे पाठ फिरवतो, तेच नेमकं त्याला हवं असतं. तिथे दाट झाडी लावून ‘सुधारणा’ केली, तरी त्याचं घर मोडेल.

दुसरा मुद्दा नोंदीचा. एका खोट्या चिठ्ठीने शोधाची दिशा कित्येक वर्षं चुकवली आणि शंभर वर्षांपूर्वीच्या प्रामाणिक चिठ्ठीने वाट दाखवली. पुढे मेळघाटात, जळगावच्या यावल अभयारण्यात आणि 2014 मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या तानशातही तो आढळला. 2018 मध्ये जागतिक यादीत त्याचा धोका ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’वर आणला गेला. पक्षी वाढले असं यावरून समजू नका. शोधणारे वाढले, हे मात्र नक्की.

आज आपल्या सगळ्यांच्या खिशात कॅमेरा आहे. तेव्हा रानात गेलात तर फोटोबरोबर तारीख लिहा, जागा लिहा, आणि तो कोणत्या झाडावर, कसल्या जमिनीवर होता तेही लिहा. घरट्याची जागा मात्र चारचौघांत सांगू नका, ती अभ्यासकांकडेच द्या. जे पाहिलं नाही ते लिहू नका. कुणास ठाऊक, आणखी शंभर वर्षांनी कुणी तुमचीच वही उघडून सातपुड्याच्या पायथ्याशी येईल.