‘नल’ म्हणजे शून्य नव्हे: एसक्यूएलमधल्या रिकाम्या जागेची गोष्ट

समजा तुमच्याकडे दोन टेबलं आहेत. एकात विद्यापीठातले विद्यार्थी, दुसऱ्यात ग्रंथालयातून गेलेली पुस्तकं. एकही पुस्तक न नेलेले विद्यार्थी तुम्हाला शोधायचेत. तुम्ही ‘नॉट इन’ वापरून क्वेरी लिहिता: ज्यांचा क्रमांक पुस्तकांच्या टेबलात नाही, ते सगळे दाखव. उत्तर येतं, शून्य ओळी. एरर नाही, इशारा नाही. तुम्ही अहवालात लिहून मोकळे होता की प्रत्येक विद्यार्थ्याने पुस्तक नेलं आहे.

खरं कारण एवढंच, की पुस्तकांच्या टेबलात एका ओळीत विद्यार्थ्याचा क्रमांक भरायचा राहिलाय. तिथे ‘नल’ आहे. एका रिकाम्या खणामुळे सगळं उत्तर पुसलं गेलं! असं का होतं, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

१९७० साली आयबीएमच्या सॅन होजे प्रयोगशाळेतले एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं: माहिती टेबलांमध्ये ठेवायची आणि तर्कशास्त्राच्या भाषेत प्रश्न विचारायचे. त्यांचे सहकारी डॉनल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये त्यासाठी ‘सीक्वेल’ नावाची, इंग्रजी वाक्यासारखी वाचता येणारी भाषा आणली. नावाच्या ट्रेडमार्कची अडचण आली आणि ‘सीक्वेल’चं ‘एसक्यूएल’ झालं. जुना उच्चार मात्र अजून टिकून आहे.

पण खरी माहिती अपुरी असते. एखाद्याचा फोन नंबर माहीतच नसतो, मग त्या खणात काय लिहायचं? शून्य लिहिलं तर ते खोटं. कॉड यांचं उत्तर होतं ‘नल’. १९७९ च्या निबंधात त्यांनी त्यासाठी तीन मूल्यांचा तर्क मांडला: खरं, खोटं आणि ‘माहीत नाही’. असा तर्क पोलिश तर्कशास्त्रज्ञ यान वुकाशेविच यांनी १९२० मध्येच मांडला होता. तो आता डेटाबेसमध्ये आला.

आता आपल्या क्वेरीकडे परत या. ‘१७ हा आकडा नलपेक्षा वेगळा आहे का?’ उत्तर: माहीत नाही. ‘नॉट इन’ला यादीतल्या प्रत्येक क्रमांकाबद्दल ‘हो, वेगळा आहे’ असं उत्तर हवं असतं. एकाबद्दल जरी ‘माहीत नाही’ आलं, तरी एकूण उत्तर ‘खरं’ होऊ शकत नाही. आणि ‘व्हेअर’ फक्त ‘खरं’ असलेल्या ओळी ठेवतो. गंमत म्हणजे ‘चेक’ची अट याच्या उलट वागते: ती फक्त ‘खोटं’ अडवते, ‘माहीत नाही’ला आत सोडते. एकच भाषा, एकच रिकामी जागा, दोन न्याय.

हे स्वतः कॉड यांनाही पुरेसं वाटलं नव्हतं. १९९० च्या पुस्तकात त्यांनी दोन वेगळ्या खुणा सुचवल्या: ‘आहे पण माहीत नाही’ आणि ‘इथे लागूच नाही’. एसक्यूएलने ते घेतलं नाही. त्यांचे जुने सहकारी क्रिस डेट यांचं मत तर असं, की नल मुळात नकोच.

हा वाद फक्त अभ्यासकांचा नाही. आपण मराठी माणसं नाव, वडिलांचं नाव, आडनाव हे तीन रकाने सहज भरतो. पण तुमच्या एखाद्या तमिळ मैत्रिणीला आडनावच नसेल तर? तिच्या बाबतीत तो खण ‘माहीत नाही’ नसतो, ‘लागू नाही’ असतो. एसक्यूएलच्या प्रमाण नियमाप्रमाणे नावाचे तुकडे जोडताना एक तुकडा नल असला, तर पूर्ण नावच नल होतं. यादी छापली जाते आणि ती त्यात बिननावाची उरते. चूक तिची नसते. सगळ्यांची नावं आपल्यासारखीच असतात, असं कुणीतरी गृहीत धरलेलं असतं.

म्हणून काही सवयी लावून घ्या. ‘नॉट इन’ऐवजी ‘नॉट एक्झिस्ट्स’ वापरा. नल शोधताना बरोबरचं चिन्ह नको, ‘इज नल’ लिहा. नावं जोडताना ‘कोअलेस’ने रिकाम्या तुकड्याची सोय करा. ‘काउंट’मध्ये तारा दिला तर सगळ्या ओळी मोजल्या जातात, रकान्याचं नाव दिलं तर नल वगळले जातात. सरासरीही नल सोडूनच काढली जाते. त्यामुळे सरासरी सांगाल तेव्हा किती जणांची उत्तरं आलीच नाहीत, तेही सांगा.

आणि क्वेरीचं उत्तर रिकामं आलं, तर लगेच ‘असं कुणीच नाही’ म्हणू नका. आधी विचारा: खरंच कुणी नाही, की आपल्याला माहीत नाही?