अर्बन ॲडव्हांटेज
न्यूयॉर्क शहरातील सार्वजनिक शाळांच्या विज्ञान-अध्यापनाला संग्रहालयांची जोड देणारा उपक्रम. अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी (स्थापना १८६९) या संग्रहालयाच्या पुढाकाराने तो २००४ मध्ये सुरू झाला. शहराचा शिक्षण विभाग, न्यूयॉर्क हॉल ऑफ सायन्स, प्राणिसंग्रहालये व वनस्पति-उद्याने त्यात सहभागी आहेत.

संग्रहालय-शिक्षक शाळेतील शिक्षकांसाठी कार्यशाळा घेतात. प्रश्न मांडणे, नियंत्रित प्रयोग किंवा क्षेत्रनिरीक्षण करणे, पुराव्यावरून निष्कर्ष काढणे ही अन्वेषणाची रीत शिक्षक आधी स्वतः अनुभवतात, मग वर्गात राबवतात. शाळांना प्रयोगसाहित्य, तर विद्यार्थी व कुटुंबीयांना या सहभागी संस्थांमध्ये विनामूल्य प्रवेश मिळतो. विद्यार्थी आपले शोधप्रकल्प वार्षिक प्रदर्शनात मांडतात. संग्रहालयातील नमुने व तज्ज्ञता सामान्य घरांतील मुलांच्या रोजच्या शिक्षणात आणणे, हे या उपक्रमाचे मोलाचे कार्य होय.