ड्रॉइंग बोर्डाकडून संगणकाकडे

हिंगोलीच्या वर्कशॉपमध्ये हळद पॉलिश करण्याचा ड्रम बनवायचा असेल, तर जमिनीवर खडूने आकृती काढूनही काम भागते. पण त्याचा पत्रा मोठ्या शहरातून लेझरने कापून आणायचा ठरला, की मापांसह ड्रॉइंग लागते. मग तरुण मला विचारतात, "सर, कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?" उत्तराआधी मी थोडा इतिहास सांगतो.

यांत्रिक ड्रॉइंग महाराष्ट्राला नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले. रंगांधत्वामुळे ती सोडून ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. पुढे त्यांनी लोखंडी नांगर घडवला, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. ज्या विद्येत रंग लागत नाही, रेषा आणि माप पुरते, तिच्यातून एवढे उभे राहिले.

आमच्या पिढीने ती टी-स्क्वेअर आणि ड्राफ्टर घेऊन गिरवली. ट्रेसिंग पेपरवर शाईची रेषा चुकली, की ब्लेडने खरवडायची! १९६३ मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या आयव्हन सदरलँड यांनी 'स्केचपॅड'द्वारे पडद्यावर प्रकाशलेखणीने रेषा काढून दाखवल्या. १९८२ च्या अखेरीस आलेल्या ऑटोकॅडने ही सोय साध्या संगणकावर आणली. नंतरच्या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये भोकाचे माप एका जागी बदलले, की सर्व ड्रॉइंगमध्ये आपोआप बदलू लागले.

२०१६ मध्ये मात्र ऑटोकॅडचे कायमस्वरूपी परवाने नव्याने विकणे बंद झाले; आता ठरावीक मुदतीची वर्गणी भरावी लागते. छोट्या वर्कशॉपला हा खर्च जड वाटतो. सपाट पत्र्याच्या कामाला विनामूल्य लिब्रेकॅड पुरते. त्रिमितीसाठी २००२ पासून वाढत आलेले फ्रीकॅड आहे, त्याची १.० आवृत्ती २०२४ मध्ये आली. ज्या कारखान्याची कामे घ्यायची, तो एखादे ठरावीक सॉफ्टवेअरच मागत असेल, तर मात्र तेच शिकावे.

माझ्या मते खरा प्रश्न पुढचा आहे. कपाटातला ट्रेसिंग पेपर पन्नास वर्षांनीही कुणालाही वाचता येतो. संगणकातली फाईल उघडायला तिला ओळखणारे सॉफ्टवेअर लागते. वर्गणी थांबली म्हणून आपलेच ड्रॉइंग आपल्याला परके होऊ नये. म्हणून प्रत्येक कामाची एक प्रत डीएक्सएफ किंवा स्टेप या सर्वत्र चालणाऱ्या स्वरूपात ठेवावी, आणि एक कागदावर छापून.

शेवटी एक सूचना. भारतीय मानक ब्युरोची १९८८ ची एसपी ४६ ही पुस्तिका प्रथम कोन प्रक्षेप वापरायला सांगते. सॉफ्टवेअर तृतीय कोनावर राहिले, तर डावे-उजवे उलटून पत्रा वाया जातो. सॉफ्टवेअर कोणतेही घ्या, ड्रॉइंग वाचण्याची विद्या आधी शिका.